लोटलेल्या दाराची साक्ष

"सही करताना म्या बघितलंच न्हाई," दौलतराव सुर्वे म्हणाले. हे ते मला सांगत होते, पण बघत होते गोठ्यातल्या म्हशीकडे.

म्हशीला या बाबतीत काही म्हणायचं नव्हतं. म्हणून मीच पुन्हा विचारलं, "पण आबा, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून तुमची सही आहे ना?"

"हाय की. सही माझीच हाय. पर धाकल्या बाईंनी सही केली ती म्या बघितली न्हाई."

धाकल्या बाई म्हणजे सगुणाबाई, त्यांच्या मयत धाकट्या भावाची बायको. चार महिन्यांपूर्वी त्याही गेल्या होत्या. मागे त्यांचं राहतं घर होतं आणि घराला लागून पिठाची गिरणी. हे दोन्ही त्यांनी मृत्युपत्राने कौसल्येला दिलं होतं. कौसल्या त्यांच्या बहिणीची मुलगी. नवऱ्याने टाकल्यावर ती निंबोड्याला मावशीकडे आली ती तिथलीच झाली. गिरणी तीच चालवायची. माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा भुवयांना, पापण्यांना पीठ तसंच होतं. मी तिला म्हटलं, बाई, तोंड तरी धुऊन यायचंस. ती म्हणाली, धुतलंय हो, हे आता जात नाही.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदार होते. एक शाळेतले तांबोळी मास्तर. त्यांनीच तो कागद लिहिला होता, आणि सगुणाबाईंच्याही आधी ते वारले होते. उरले दौलतराव. कायदा असा, की साक्षीदारांपैकी एक जरी हयात असेल तर त्याला कोर्टात उभं करून मृत्युपत्र शाबीत करावं लागतं. आणि मृत्युपत्र पडलं असतं तर सगुणाबाईंना मूलबाळ नसल्यामुळे घर आणि गिरणी त्यांच्या नवऱ्याच्या भावाकडे गेली असती. म्हणजे पुन्हा दौलतरावांकडेच. आमचा एकुलता एक साक्षीदार आणि आमचा प्रतिवादी, दोन्ही एकच माणूस, आणि तो म्हशीकडे बघत होता.

मी तेव्हा वकिलीत नवी होते, पण कायदा मला तोंडपाठ होता. साक्षीदाराने सही करताना पाहिलं नसलं तरी चालतं. सही करणाऱ्याने स्वतः त्याला सांगितलं पाहिजे, की ही सही माझी. म्हणून मी विचारलं, "मग नंतर तरी त्या तुम्हाला काही बोलल्या का? सही माझी आहे, असं काही?"

दौलतराव उठले. ऐंशीच्या आसपासचा माणूस, पण ताठ. पटका सारखा करत म्हणाले, "बाई, आमच्या घरात धाकटी भावजय थोरल्या दिराशी बोलत न्हाई. म्होरं येत न्हाई. तुमच्या शहरात काय असंल ते असंल." आणि ते परड्यात निघून गेले.

मी बाहेर पडत होते तर दारात त्यांचा मुलगा जयसिंग उभा. पांढरी पँट, पांढरा शर्ट, हातात जीपची किल्ली. त्याने माझी पिशवीसुद्धा अदबीने उचलून दिली. म्हणाला, "बाई, आबांना कोर्टात बोलवायचं तर खुशाल बोलवा. आबा जन्मात खोटं बोललेले नाहीत. तेच तर आमचं भांडवल आहे."

मला त्याचा इतका राग आला की एसटी येईपर्यंत मी त्या फाट्यावर येरझाऱ्या घालत होते. राग त्याच्या बोलण्याचा नव्हता. तो म्हणत होता ते खरं होतं, त्याचा होता.

कौसल्येची अवस्था मी त्याच दिवशी पाहून आले होते. सुर्व्यांच्या भावकीने तिच्याकडे दळण टाकणं बंद केलं होतं. अख्ख्या गावात गिरणी एकच, तरी त्यांच्या बायका डोक्यावर डबे घेऊन शेजारच्या गावी जात होत्या. विजेचा मीटर सगुणाबाईंच्या नावावर होता. तो बंद करावा म्हणून जयसिंगने अर्ज दिला होता. गिरणी बंद पडली की ही आपोआप माहेरी जाईल असा त्याचा हिशेब. माहेर कुठे होतं तिला? आईबाप कधीच गेलेले. मावशी हेच तिचं माहेर होतं.

मृत्युपत्र झालं त्या दिवशी तू कुठे होतीस, असं मी तिला खोदून खोदून विचारलं होतं. ती गावात नव्हती. मावशीने तिला सकाळीच तालुक्याला पिटाळलं होतं, गिरणीचा पट्टा आणायला. "पट्टा चांगला हुता की वो," कौसल्या म्हणाली. "मी म्हनलं बी तसं. तर मावशी म्हनली, जा म्हनलं की जायाचं." पुढे कोणी म्हणू नये की पोरीने डोक्यावर बसून लिहून घेतलं, म्हणून म्हातारीने तिला दूर धाडलं होतं. एवढी दूरदृष्टी असलेली बाई साक्षीदाराच्या बाबतीत असा घोळ घालील? हे माझ्या मनाला पटत नव्हतं. पण घोळ झालाय असंच दिसत होतं. मास्तर घरात जाऊ-येऊ शकत होते, त्यांच्यासमोर तिने सही केली असणार. थोरले दीर सोप्यावर बसले असणार, मध्ये लोटलेलं दार. दिराची मर्यादा राखायची आणि साक्षीदार म्हणून दीरच बोलवायचा, हा घोटाळा आपल्याच लोकांना जमायचा.

माझे सीनियर शहाणे वकील. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, तडजोड कर. जयसिंगने तसा निरोपही पाठवला होता. घर आणि गिरणी त्याच्या नावावर होईल, कौसल्येने मागच्या खोलीत राहावं आणि गिरणी पगारावर चालवावी.

"आणि त्या म्हाताऱ्याला साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावू नकोस," शहाणे म्हणाले. "ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही, तो प्रश्न आपल्या साक्षीदाराला विचारायचा नसतो. इथे तर उत्तर माहीत आहे, आणि ते आपल्या विरुद्ध आहे."

मी निरोप कौसल्येला सांगितला. सांगणं माझं काम होतं. ती माझ्या ऑफिसातल्या बाकावर पाय जवळ घेऊन बसली होती. मग म्हणाली, "बाई, मावशीनं मला मालकीन केलंया. तिच्या गिरनीत मी गडी म्हनून न्हाई ऱ्हायची. कोर्टानं काढलं तर जाईन. पर मी आपनहून सोडनार न्हाई."

ती गेल्यावर मी माझी गोठ्यातली टिपणं पुन्हा वाचली. मला सवय होती, साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे लिहायची. 'आमच्या घरात धाकटी भावजय थोरल्या दिराशी बोलत न्हाई.' वाचता वाचता मी थांबले. मी विचारलं होतं, त्या बोलल्या का. त्यावर 'नाही' एवढंच म्हणणं सोपं होतं. सही पाहिली का, यावर त्यांनी तसं सरळ 'न्हाई' म्हटलं होतं. इथे मात्र त्यांनी रीत सांगितली होती. झालेलं सांगितलं नव्हतं.

जो माणूस खोटं बोलत नाही, तो अडचणीत आला की रीत सांगतो. मी ठरवलं, दौलतरावांना पिंजऱ्यात बोलवायचंच. शहाणे म्हणाले, तू बुडशील आणि त्या पोरीला घेऊन बुडशील. मी म्हटलं, सर, पोहायला येत नसलं की पाण्यात उतरूच नये हे खरं, पण आम्हाला काठावरूनच ढकललंय. त्या दिवशी त्यांनी बशी बाजूला ठेवून कपातूनच चहा घेतला.

साक्षीच्या दिवशी कोर्टात निंबोड्याची निम्मी भावकी आली होती. जयसिंगने वडिलांना जीपमधून आणलं. नवं धोतर, कोरा पटका. शिपायाने त्यांच्याकडून शपथ म्हणवून घेतली. न्यायाधीशांनी बसायला खुर्ची देऊ केली, ती त्यांनी नको म्हटली.

मी मृत्युपत्र त्यांच्यापुढे धरलं. ही सही तुमची? व्हय. ही दुसरी मास्तरांची? व्हय, माझ्या म्होरंच केली त्यांनी. आणि ही सगुणाबाईंची सही, ती त्यांनी केली तेव्हा तुम्ही पाहिलीत?

"न्हाई."

पलीकडे प्रतिवादीच्या मोहिते वकिलांनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या दृष्टीने दावा तिथेच संपला होता. मागे जयसिंगने पायावर पाय टाकला. मी कौसल्येकडे बघितलंच नाही, बघितलं असतं तर माझा धीर सुटला असता.

त्या वेळी तुम्ही कुठे होतात, मी विचारलं. सोप्यावर. त्या? माजघरात. मध्ये दार? लोटल्यालं. मग कागद बाहेर कोणी आणला? मास्तरांनी.

"आणि तुम्ही लगेच सही केलीत?"

"न्हाई."

मला हे उत्तर माहीत नव्हतं. मोहित्यांनाही नसावं, कारण त्यांनी मान वर केली.

"का नाही केलीत?"

"म्या मास्तरास्नी म्हनलं, म्या बघितलं न्हाई तर सही कशी करू? माझी सही म्हंजी माझा शबुद. उद्या कुनी इचारलं तर काय सांगू? मास्तर म्हनले, बाईंनीच केलीया, मी हुतो की. म्या म्हनलं, तुमी हुता, म्या नव्हतो. तुमचं तुमी करा, मला उठू द्या." ते थांबले. "आन म्या उठलो."

"पण सही तर तुमची आहे कागदावर. मग पुढे काय झालं?"

दौलतरावांनी पटका सारखा केला. मोहिते उठून म्हणाले, साक्षीदाराने पाहिलं नसल्याचं स्पष्ट सांगितलंय, आता हे फाटे फोडणं कशाला. न्यायाधीश म्हणाले, बसा, त्यांना सांगू दे.

मग दौलतरावांनी माझ्याऐवजी न्यायाधीशांनाच विचारलं, "सायेब, म्या आता जे बोलंन त्ये लिवून घेनार तुमी?"

"हो."

"कायमचं ऱ्हानार त्ये?"

"हो."

"इथं समदी भावकी बसलीया. बाईमानूस आता ऱ्हायली न्हाई. तिची अब्रू माझ्याकडं हाय."

न्यायाधीश हळू आवाजात म्हणाले, की आजोबा, तुम्ही शपथ घेतली आहे, जे घडलं ते सांगा, बाकीचं आमच्यावर सोडा. मी माझा प्रश्न पुन्हा विचारला. "तुम्ही उठलात. मग तुम्ही सही का केलीत, आबा?"

त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले.

"दार उघडलं. म्या म्हनलं मास्तर असतील, तर मास्तर माझ्या बाजूलाच. धाकल्या बाई भायेर आल्या. उंबरा वलांडून सोप्यावर. म्या पाठ फिरिवली. तर म्हनल्या, 'आबा, फिरा. बघून घ्या, मीच हाय.' फिरलो. डोईवरचा पदर त्यांनी मागं सारल्याला. नांदायला आल्या तवापासनं म्या तोंड बघितलं नव्हतं, त्या दिशी बघितलं. हातात त्यो कागद. म्हनल्या, 'ही सही माझी. घर आन गिरनी कौशीची. माझ्या मागं ह्या पोरीला कुनी भायेर काढाय नगं. तुमी साक्ष ऱ्हावा.' एवढंच. पदर घेतला आन आत गेल्या. म्या सही केली. मग मास्तरांनी केली."

मागे कोणीतरी हुंदका दिला. ती कौसल्या होती. तिलाही हे आजच कळत होतं.

न्यायाधीशांनी टंकलेखकाकडून ते सगळं नीट लिहून घेतलं. सोपी मराठी करून, एकेक वाक्य. दौलतराव मान खाली घालून ऐकत होते. मला तेव्हा उमगलं की म्हशीकडे बघणारा तो म्हातारा घराच्या लोभाने काही लपवत नव्हता. भावजय आपल्यापुढे डोक्यावरचा पदर काढून आली, हे तो लपवत होता. तिच्यासाठी.

मोहिते मुरलेले वकील. उलटतपासणीला उभे राहिले आणि त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. तुम्ही या बाईंचं तोंड कधी पाहिलं नव्हतं ना? न्हाई. त्या तुमच्याशी कधी बोलल्या नव्हत्या? न्हाई.

"मग बाहेर आलेली बाई सगुणाबाईच होती हे कशावरून?"

दौलतरावांना हा प्रश्न खुळा वाटला असावा. "अवो, एका घरात दोन्ही चुली. भितीपल्याड रोजचं बोलनं कानावर येतंयच की. पोरीला हाक मारताना ऐकलंय, गड्यावर वराडताना ऐकलंय, भाऊ गेला तवा रडताना ऐकलंय. आवाज जन्मभर ऐकला. माझ्याशी बोलला नव्हता एवढंच."

मोहित्यांनी मग आमच्याविरुद्धची कैफियत काढली, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने दिलेलं उत्तर. मृत्युपत्र खोटं आहे असं तिच्यात लिहिलं होतं आणि खाली दौलतरावांची सही होती. ही सही कोणाची?

"माझी. पोरानं म्होरं ठिवलं, केली." त्यांनी पहिल्यांदाच मागे जयसिंगकडे पाहिलं. "ती मातर न बघता केली. तिथं चुकलो."

मोहित्यांनी कैफियत मिटली. मग शेवटचं अस्त्र काढावं तसं म्हणाले, "दौलतराव, तुम्ही आज जे बोललात त्याने ही मिळकत तुमच्या हातची जाईल. तुमच्या मुलाच्या, नातवंडांच्या हातची जाईल. हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय की." म्हाताऱ्याने कठडा दोन्ही हातांनी धरला. "सायेब, जन्मात ती बाई माझ्याशी एकडाव बोलली. त्यो एक शबुद बी खोटा पाडू?"

मोहित्यांनी आणखी काही विचारलं नाही. मीही नाही.

जयसिंग जीप घेऊन एकटाच निघून गेला. दौलतराव कोर्टाच्या आवारातल्या पिंपळाच्या पारावर बसून राहिले. कौसल्या लांब उभी होती, जवळ जायचा तिला धीर होईना. शेवटी मीच तिला ढकललं. तिने पाया पडण्यासाठी वाकावं तर त्यांनी पाय मागे घेतले आणि विचारलं, "निंबोड्याची गाडी कितीला हाय गं?" दोघं एसटीने गेली. स्टँडकडे जाताना ते पुढे, ती चार पावलं मागे.

निकाल लागायला पावसाळा उजाडला. आमच्या बाजूने लागला. निकालाची नक्कल द्यायला मी स्वतः निंबोड्याला गेले. पोस्टाने पाठवली असती तरी चाललं असतं, पण मला ती गिरणी चालताना बघायची होती. पट्ट्याचा आवाज फाट्यापासून येत होता. दारात डब्यांची रांग, आणि रांगेत बायकांच्या मध्ये ज्वारीचा डबा मांडीवर घेऊन दौलतराव सुर्वे बसलेले. मुलाच्या घरचं दळण अजून शेजारच्या गावीच जात होतं. म्हणून हे स्वतःचं स्वतः घेऊन आले होते. आजूबाजूच्या सुर्व्यांच्या बायका पदर ओढून, एकमेकींत कुजबुजत अवघडून उभ्या होत्या. पण उभ्या होत्या. त्यांचेही डबे रांगेत होते.

मला पाहून दौलतरावांनी पटका सारखा केला. या खेपेला त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"वकीलीनबाई, त्या दिशी गोठ्यात तुमच्याकडं बघितलं असतं," ते म्हणाले, "तर तवाच सांगावं लागलं असतं."

मी काही म्हणायच्या आत आतून पिठाने माखलेली कौसल्या उंबऱ्यावर आली. तिने त्यांच्या मांडीवरचा डबा उचलला, कडेवर घेतला आणि सगळ्या बायकांदेखत मोठ्याने विचारलं, "आबा, बारीक का जाड?"

"बारीक," दौलतराव म्हणाले. "दात ऱ्हायले न्हाईत आता."